महाराजाचा शेवटचा शब्द

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. माझी लेक डाव्या हातात मोबाइल धरून जेवते. बोलून बोलून माझं तोंड दुखलं, पण उपयोग शून्य. मोबाइलमधून मान वर न काढता ती म्हणाली, "आजोबा, तुमची ती खुनाची सिरीयल परत येतेय."

बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. माझे वडील, वय त्र्याऐंशी, जन्मभर बडोद्यातल्या मराठी शाळेत व्याकरण शिकवलेले. भूकंपाचे धक्के बसले तेव्हासुद्धा हा माणूस ताटातलं संपवून, हात धुऊन मगच जिना उतरला होता. त्यांनी घास खाली ठेवला म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"कोण म्हणतं?"

"चॅनेलवालेच. पण त्यांचं नक्की ठरत नाहीये. लोकांची मतं मागवलीत. जुनी गोष्ट जिथे थांबली तिथून पुढे न्यायची, की सगळं नव्यानं सुरू करायचं. नवे नट, नवा बंगला, नवा खुनी."

"नवा खुनी?" बाबा म्हणाले. "आणि जुन्याचं काय?"

हे जुन्याचं काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून आधी तेच सांगते.

मालिका आमच्या घरात लागायची त्याला वीस वर्षं झाली. दर गुरुवारी संध्याकाळी आठला. तेव्हा बडोद्यात मराठी चॅनेल मिळवणं सोपं नव्हतं. पाणीगेटच्या पलीकडची आमची सोसायटी, तिथला केबलवाला म्हणायचा, "मासी, मराठी कोण जुए छे?" मराठी बघतंय कोण! माझ्या आईनं आजूबाजूची अकरा मराठी घरं गोळा केली, सगळ्यांना नेऊन त्याच्या दुकानापुढे उभं केलं आणि म्हणाली, "ले, गणी ले." त्यानं मोजले आणि चॅनेल लावलं. आईपुढे कुणाचं चालायचं नाही.

गोष्ट साधी होती. नाशिककडचा एक बंगला. बंगल्याची मालकीण एक दिवस मेलेली सापडते, तिच्या दुधात कुणीतरी काहीतरी कालवलेलं असतं. संशय दोघांवर. एक तिचा नवरा, गोडबोल्या, सारखा रुमालानं चष्मा पुसणारा. दुसरा तिचा धाकटा दीर, ज्याला ना नोकरी ना धंदा, दिवसभर आरामखुर्चीत पडून पत्ते लावणारा. तपासाला एक इन्स्पेक्टर, तो प्रत्येक प्रश्नाआधी खिशातली डबी काढून चिमूटभर बडीशेप तोंडात टाकायचा. आमच्याकडे त्याचं नावच बडीशेप पडलं. आणि बंगल्यात एक म्हातारा गुजराती स्वयंपाकी. गुजरातेत स्वयंपाक्याला महाराज म्हणतात, मालिकेतही तसंच म्हणायचे. दुधात कुणी काय घातलं ते एकट्या महाराजानं पाहिलं होतं, आणि तेरा भाग झाले तरी हा गडी तोंड उघडायला तयार नाही. आई टीव्हीला ओरडायची, "बोल की मेल्या!"

चौदाव्या भागात त्याला कुणीतरी जिन्यावरून ढकललं. बडीशेप धावत आला, त्यानं महाराजाचं डोकं मांडीवर घेतलं आणि डबी न काढताच घाईघाईनं प्रश्न विचारला. नेमकी त्याच क्षणी आमच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. तुरीची डाळ, तिसरी शिट्टी, चांगली लांबलचक. ती थांबली तेव्हा महाराज म्हणत होता, "नवरा..." आणि त्यानं मान टाकली.

पुढच्या गुरुवारी आम्ही पावणेआठपासून बसलो. पडद्यावर पाककृतींची स्पर्धा! त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. मालिका बंद झाली होती. का, ते कुणी सांगितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? नवरा म्हणाला म्हणजे नवऱ्यानं मारलं, झालं की. पुण्याची मावशी फोनवर हेच म्हणाली, "अगं, सांगितलं ना त्यानं! नवराच!" अख्ख्या महाराष्ट्रानं तो शब्द ऐकला, चुकचुकला आणि जेवायला बसला. त्यांच्यापुरता खटला संपला. बडोद्यात तो संपला नाही, आणि त्याला कारण आमचे समोरचे काका.

काका गुजराती, कोयलीला तेलाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. रोज सकाळी साडेसातला आमच्या दाराशी येऊन हाक मारायचे, "साहेब, नवरा छो?" गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला. साहेब, मोकळे आहात का, चला फिरायला, एवढाच त्याचा अर्थ. आणि रोज सकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आहेत हो! माझेच आहेत!" यावर काका हसायचे. रोज हसायचे, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. बाबा चपला घालता घालता म्हणायचे, "पुरे गं." बाबा निवृत्त झाले त्या दिवशी तर आईनं सोसायटीभर पेढे वाटत सांगितलं होतं, "आमचे हे आजपासून दोन्ही भाषांत नवरा झाले!"

तर महाराजानं मान टाकून मिनिटही झालं नव्हतं, तोच बाबा म्हणाले, "दीर."

"दीर कुठला? नवरा म्हणाला ना तो!" आई म्हणाली.

"अगं, तो गुजराती आहे. गुजराती माणूस गुजरातीतच मरणार. नवरा म्हणजे रिकामटेकडा. तो आरामखुर्चीतला."

"वीस वर्षं मराठी घरात पोळ्या लाटल्या त्यानं! तो मराठीतच मरणार! आणि मारणारा नवराच असतो, मला नका सांगू."

यात बाबांना समस्त नवरेवर्गाचा अपमान दिसला. त्यांनी कॅलेंडर उलटं केलं, मागे पेन्सिलीनं लिहायला घेतलं आणि आम्हाला समोर बसवलं. मी तेव्हा तिशीतली, एका मुलीची आई, तरी मांडी घालून बसले. वर्गात बाबांपुढे कुणाची हूं की चूं नसायची, घरात ती सोय फक्त आईला होती.

"समजा, बडीशेपनं विचारलं, कोणी केलं? तर मराठी माणूस म्हणेल, नवऱ्यानं. जीव अर्ध्यात गेला तर तोंडून निघेल, नवऱ्या. आपण ऐकलं ते स्वच्छ नवरा. गुजराती माणूस म्हणेल, नवराए, म्हणजे रिकाम्यानं. नवरा म्हणून झालं, ए राहिला, प्राण गेला. दीर. सरळ आहे."

आईनं शांतपणे विचारलं, "आणि कोण होतं, असं विचारलं असेल तर?"

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. कारण 'कोण होतं'ला मराठीत उत्तर नवरा, आणि गुजरातीत नवरो. महाराज काही नवरो म्हणाला नव्हता. थोडक्यात, बडीशेपनं 'कोणी केलं' विचारलं असेल तर बाबा बरोबर, 'कोण होतं' विचारलं असेल तर आई बरोबर. आणि त्यानं नेमकं काय विचारलं, ते आमच्यापैकी एकालाही ऐकू आलं नव्हतं.

"तुझ्या कुकरनं घात केला," बाबा म्हणाले.

"डाळ तुम्हालाच हवी होती," आई म्हणाली.

मी पुण्याला फोन लावून मावशीला विचारलं. ती म्हणाली, "काहीतरी विचारलं बाई त्यानं, मी रडत होते." कपाळ माझं! अख्ख्या पुण्यात एक साक्षीदार आणि तो रडत होता.

मग बाबांनी काकांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं. काकांना मालिकेचं काही देणंघेणं नव्हतं, पण आईनं भाखरवडी पुढे ठेवली, तेव्हा ते म्हणाले, बोला, काय करायचं? बाबांनी त्यांना झोपाळ्यावर आडवं केलं, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, "कोणी केलं?" काकांनी मरता मरता उत्तर द्यायचं.

पहिल्यांदा काका "हे भगवान" म्हणून मेले. बाबा म्हणाले, असं नाही, मारणाऱ्याबद्दल सांगायचं. दुसऱ्यांदा त्यांनी काकींचं नाव घेतलं. दारं उघडी होती. समोरच्या घरातून काकींनी जो आवाज दिला, त्यानं काका मरायचे ते उठून बसले. तिसऱ्यांदा त्यांनी नवराए हा शब्द 'ए'सकट पूर्ण उच्चारला, वर पाणी मागितलं आणि मग डोळे मिटले.

"'ए'च्या आधी मरा हो!" बाबा वैतागले.

"साहेब, मरतो माणस व्याकरण जुए?"

पण काका भले गृहस्थ. बाबांच्या समाधानासाठी आणखी तीनदा मेले. शेवटी उठून भाखरवडी तोंडात टाकत त्यांनी एक नवीनच फाटा फोडला. नोकरमाणूस शेठच्या भावाला नवरो कसं म्हणेल? मान देऊन नवराच म्हणेल, मी नाही का साहेबांना म्हणत? बाबांचा चेहरा पडला, कारण मग गुजरातीत दोन्ही प्रश्नांना नवराच ऐकू येणार, आणि त्यांचं अख्खं कॅलेंडर फुकट. आई म्हणाली, "खुन्याला कुणी अहो-जाहो करतं का?" बाबांनी लगेच मान डोलावली. दोघांनी मिळून निकालात काढलेला हा एवढा एकच मुद्दा.

अखेर पैज लागली. हरेल त्यानं जन्मभर सकाळचा चहा करायचा. मालिका कधीतरी परत सुरू होईलच, तेव्हा निकाल लागेल. तोवर चहा कोण करणार? आई म्हणाली, "तोवर तुम्ही. नाहीतरी तुम्ही नवरेच आहात." बाबांनी, आपला निषेध नोंदवून घ्यावा असं सांगून, गॅस पेटवला.

तो तात्पुरता चहा सतरा वर्षं चालला. आलं किसून, दूध बेताचं, आईला लागायचा तसा. आई पहिला घोट घेऊन विचारायची, "निकाल?" बाबा म्हणायचे, "प्रलंबित." मग दोघं पेपर वाटून घ्यायचे. त्या दोघांना इतर कुठल्या विषयावर इतकं बोलताना मी पाहिलेलं नाही. दूधवाला बदलला, भाजीवाली बदलली, नवा डॉक्टर आला, की बाबा आधी गावाची चौकशी करायचे, मग घरात कुठली भाषा बोलता ते विचारायचे, आणि मग, "समजा हं, तुम्ही मरताय." दवाखान्यात त्यांच्याबरोबर जायला मी घाबरायचे.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. दहा दिवसांचं दुखणं, आणि गेली. मला अजून त्याचा राग येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही.

दिवसपाणी उरकल्यावर काका पुन्हा सकाळी दाराशी आले. म्हणाले, "साहेब, फ्री छो?" या माणसानं जन्मात फ्री हा शब्द वापरला नव्हता. बाबांचा एक पाय चपलेत, एक बाहेर.

"तुम्ही शब्द बदललात," ते म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. आता मी फक्त गुजरातीत नवरा."

मी आत जाऊन भांडी घासायला घेतली, बाई यायची होती तरी.

चहा मात्र बाबांनी सोडला नाही. मी करते म्हटलं तर म्हणाले, "निकाल कुठे लागलाय?" निकाल लागला आणि ते हरले, तर त्यांना चहा करत राहायचं होतं. जिंकले, तर सोडायचा होता. हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की मी वाद घालणं बंद केलं.

म्हणून त्या रविवारी घास खाली ठेवला गेला. बाबांना एवढंच हवं होतं, आई बरोबर होती की आपण, ते कळायला. जुनी गोष्ट पुढे गेली तर कळणार. नव्यानं सुरू झाली तर महाराज पुन्हा ठणठणीत होणार, नाहीतर नव्या गोष्टीत महाराज असणारच नाही, आणि आमचा खटला कायमचा बाद.

पुढचे आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. लेक नव्याच्या बाजूची. "आई, आता सगळीकडे कॅमेरे असतात. महाराज मरायच्या आधी व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाकेल. वीस वर्षांपूर्वीचं कोण बघणार?" मी म्हटलं, मग बघू नकोस. मला नव्यानं करणं हा प्रकारच आवडत नाही. आमच्या नाक्यावरच्या सेवउसळवाल्याच्या मुलानं दुकान नव्यानं केलं, काचा लावल्या, एसी लावला आणि उसळीत पनीर घातलं. नाव तेच ठेवलं, वर म्हणतो परंपरा! पण पुढे न्यायची म्हटली तरी पंचाईतच होती. बडीशेपचं काम करणारा नट आता गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीत दिसतो. तो मांडीवर कुणाचं डोकं घेणार? आणि घेतलं तर उठणार कसा?

माझा नवरा करजणला नोकरीला, रोज जाऊन-येऊन. त्यानं बूट काढता काढता सुचवलं, "दोन्ही करा म्हणावं." त्याला या घरात मत नाही, आणि तो सुखी आहे.

बाबांनी चॅनेलला चार पानांचं पत्र लिहिलं. कॅलेंडरावरचं सगळं व्याकरण त्यात होतं. लेक म्हणाली, आजोबा, पत्र नाही चालत, इथे चौकटीत लिहायचं, आणि त्यात फार मावत नाही. बाबांनी चाराची दोन पानं केली, दोनाचं एक, एकाचा परिच्छेद. प्रत्येक वेळी लेक म्हणे, अजून कमी. शेवटी उरलं एक वाक्य: "बडीशेपने काय विचारले?" ते गेलं. त्यांचं उत्तर आलं, "आपल्या प्रेमाबद्दल मनःपूर्वक आभार!" सोबत फुलं आणि टाळ्या.

"हे आपल्या प्रश्नाचं उत्तर नाही," बाबा म्हणाले.

त्यानंतर चारच दिवसांनी लेक धावत आली. "आजोबा, त्यांनी जुने भाग टाकलेत! सगळेच्या सगळे, चौदावासुद्धा! आता मत कशाला आणि काय कशाला? आत्ता लावते, आत्ता ऐकू!"

मला वाटलं, बाबा उडीच मारतील. ते जागचे हलले नाहीत. हातातला पेपर घडी करून पुन्हा उलगडला. "आत्ता नको," म्हणाले. "गुरुवारी. आठला." आणि थोड्या वेळानं विचारलं, "त्या भागात ते किती मिनिटांनी येतं गं?"

"विसाव्या मिनिटाला. का?"

"सहज."

गुरुवारी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. काका लीलो चिवडो, म्हणजे बडोद्याचा तो ओलसर चिवडा, घेऊन आले. लेकीनं मोबाइल टीव्हीला जोडला. आठ वाजून दहा मिनिटं झाली, भाग अर्ध्यावर आला, महाराज बिचारा जिन्याकडे निघाला होता, आणि बाबा उठले.

"कुठे निघालात?"

"डाळ लावतो."

"अहो बाबा, स्वयंपाक झालाय. डाळ भरपूर आहे."

"असू दे." आत भांड्यांचा आवाज झाला, गॅस पेटला, आणि ते परत येऊन बसले. मी मनात म्हटलं, झालं, वय बोलायला लागलं.

जिना आला. महाराज पडला. बडीशेप धावत आला, त्या वेळी त्याला धावता येत होतं. त्यानं महाराजाचं डोकं मांडीवर घेतलं. काका पुढे सरकले. लेकीनं आवाज मोठा केला. आणि मी पाहिलं, बाबा टीव्हीकडे बघतच नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. कुकर नुसता फुसफुसत होता. पाणी जास्त पडलं असणार, नाहीतर गॅस बारीक. बाबा खुर्चीच्या कडेला आले. कुकर काही बोलेना. पडद्यावर बडीशेपनं तोंड उघडलं.

तेव्हा बाबांनी ओठांचा चंबू केला आणि स्वतः शिट्टी मारली.

हा माणूस! शिट्टी वाजवली म्हणून ज्यानं वर्गच्या वर्ग बाकांवर उभे केले, घरात शिट्टी मारली म्हणून माझ्या भावाला जेवायला दिलं नाही, तो त्र्याऐंशीव्या वर्षी इस्त्रीच्या सदऱ्यात शिट्टी मारत होता. कवळीतून निम्मी हवा निसटत होती, चेहरा लाल झाला होता, पण थांबत नव्हता. थांबला तेव्हा महाराज म्हणत होता, "नवरा..." आणि त्यानं मान टाकली. मग कुकरची शिट्टी झाली.

"आजोबा!" लेक किंचाळली. "काय हे! थांबा, मागे घेते. दहा सेकंद..."

"नको."

"अहो, पण नुसतं..."

"नको म्हटलं ना."

काका चिवड्याची मूठ हवेत धरून बसले होते. "साहेब, वीस वरस!"

बाबांनी रुमाल काढून तोंड पुसलं. "मी जिंकलो, तर ती चहा करायला येणार आहे का?" ते म्हणाले. "आणि ती जिंकली, तर तिला सांगायला मी कुठे जाऊ?" मग शाळेत फळ्यापुढे बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "खटला चालू असला की दोन पक्ष असतात. निकाल लागला की संपलं. मला दोन पक्ष हवेत."

मला रडू आलं. मी ते थांबवलं नाही, कशाला थांबवायचं?

लेकीनं हळूच विचारलं, "मग मत काय टाकू, आजोबा? पुढे की नव्यानं?"

"नव्यानं," बाबा म्हणाले. "त्यांना सांग, नवा बंगला घ्या, नवा महाराज घ्या, पाहिजे तितके कॅमेरे लावा. आमच्या महाराजाला हात लावू नका."

लेकीनं सगळ्यांच्या मोबाइलवरून नव्यानं असंच मत टाकलं. काकांचं टाकलं. माझंही टाकलं, पनीरवाल्या उसळीचा राग गिळून. माझ्या नवऱ्याचं त्याला न विचारताच टाकलं. चॅनेलवाल्यांनी अजून काही जाहीर केलेलं नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. मी टीव्हीच्या अगदी शेजारी बसले होते, आणि कवळीतली शिट्टी ती किती मोठी असणार? बडीशेपनं काय विचारलं ते मला ऐकू आलं. पण ते मी कुणाला सांगणार नाही. तुम्हालाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला उशीर झाला. बाबा अजून गॅसपाशी उभे होते, मी पेपर घ्यायला दार उघडलं तर काका उंबऱ्याशी. साडेसात झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला, एकदा चपलांच्या रॅककडे बघितलं. तीन वर्षांत न वापरलेला शब्द होता, तो काढायला वेळ लागणारच.

"साहेब," ते म्हणाले, "नवरा छो?"

आत चमचा वाजायचा थांबला. मग स्वयंपाकघरातून, आई ओरडायची त्याच जागेवरून, बाबा ओरडले, "आहे हो! दोन्ही भाषांत आहे!"

काका हसले.